शीव, मर्यादा आणि कुंपण : मिताक्षरेंतील सीमाविवादप्रकरणाचें परीक्षण

जुन्या कागदांच्या संग्रहांत शेजाऱ्यांच्या तंट्यांचे कागद थोडे नसतात. परंतु सूची करतेवेळीं त्यांच्या वांट्याला बहुधा एकच मथळा येतो. दोन गांवांचा माळाबद्दलचा वाद असो, दोघां मिरासदारांची बांधावरून जुंपलेली असो, किंवा पांढरींतल्या दोन घरांमधील बोळांत एकानें काट्यांच्या फांद्या रोवल्यामुळें दुसरा पाटलाकडे धांवला असो, "शिवेचा कज्जा" एवढे दोन शब्द कागदाच्या पाठीवर लिहून तो रुमालांत बांधला कीं काम आटोपलें. राजकारणाच्या पत्रांपुढें असल्या कागदांची किंमत ती काय, असा त्यांतला भाव. आमच्या मतें ही सरमिसळ निरुपद्रवी नाहीं. तिच्यामुळें कागदाचा अर्थ पालटतो, आणि कित्येकदां कागदांत मुळींच नसलेला सिद्धांत त्याच्या माथीं बसतो. शीव निराळी, मर्यादा निराळी आणि कुंपण निराळें. हा भेद आम्ही नव्यानें कल्पिलेला नसून महाराष्ट्रांत ज्या ग्रंथाचें प्रामाण्य व्यवहारांत सर्वांत अधिक मानलें गेलें त्या मिताक्षरेंतच तो आहे. तो तेथें कसा आहे हें दाखवावें, आणि मिताक्षराकार कोठें हात आंखडतो हेंही सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या राज्यांत (इ. स. १०७६–११२६) लिहिली. पुढें इंग्रजी अंमलांत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनींही तिलाच अग्रस्थान दिलें. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण एवढ्या टापूंत मात्र नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखास तिच्यापुढें मान मिळाला. पण दायविभागासाठीं मिताक्षरा जितकी वाचली गेली तितकें तिचें सीमाविवादप्रकरण कोणी वाचलें नाहीं. वारसाहक्काच्या दाव्यांत पैसा होता; बांधाच्या दाव्यांत फार तर हातभर माती होती.

या प्रकरणांतील आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें स्थळ म्हणजे दंडाचा श्लोक. याज्ञवल्क्य तीन अपराध वेगळे सांगतो: मर्यादा मोडणें, शीव ओलांडणें आणि शेत हिरावून घेणें. पहिल्यास अधम, दुसऱ्यास उत्तम व तिसऱ्यास मध्यम दंड. वरवर वाचणारास पहिले दोन अपराध एकच वाटतात. मर्यादा म्हणजे शीव आणि शीव म्हणजे मर्यादा, मग दंड दोन कां? येथें विज्ञानेश्वर मर्यादा शब्दाचा जो अर्थ देतो तो फार मार्मिक आहे. अनेक शेतांना एकमेकांपासून निराळें करणारी जी सर्वांची साधारण भूमि ती मर्यादा, असें तो म्हणतो. म्हणजे विज्ञानेश्वराच्या डोळ्यांपुढें दोन शेतांमध्यें असते ती भूमितीची रेघ नव्हे, तर रुंदी असलेली, गवत उगवणारी, पाय ठेवतां येणारी आणि उभयतांची असलेली जमीन आहे. आपल्याकडील सामायिक बांध तो हाच.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे कुंपणाच्या तंट्याचें मूळ आपोआप उघडें पडतें. कुंपण घालणाराला ठिकाणें दोनच. तें त्यानें आपल्या शेताच्या आंत घालावें, म्हणजे स्वतःची हात दोन हात जमीन बाहेर सोडावी लागते. किंवा बांधावर घालावें, म्हणजे सामायिक जमीन एकट्याच्या ताब्यांत जाते. पहिलें कोणास रुचत नाहीं आणि दुसरें शेजाऱ्यास खपत नाहीं. शेजाऱ्याची तक्रार तेव्हां "माझें शेत घेतलें" अशी नसते. "दोघांचें होतें तें यानें एकट्यानें घेतलें" अशी असते. हा शीव ओलांडण्याचा अपराध नव्हे, मर्यादेचा अपराध होय, आणि म्हणूनच त्याचा दंडही हलका. कौटिल्यही ही पायरी राखतो. मर्यादा फोडणारास तो चोवीस पण दंड सांगतो, आणि मर्यादा अपहार करणारास पूर्वसाहसदंड. फोडणें वेगळें, गिळणें वेगळें. "कुंपणच शेत खातें" ही आपली म्हण आपण विश्वासघातकी रखवालदारावर लावतों. पण काट्यांचें कुंपण दरसाल नवें करावें लागतें, आणि दर नव्या वेळीं तें वीतभर पुढें सरकवण्याचा मोह किती अनावर असतो हें ज्याला ठाऊक आहे त्याला तिचा अक्षरार्थही कळेल. निवडुंगाच्या किंवा शेराच्या कुंपणाला तर मालकाचीही गरज लागत नाहीं. तें आपलें आपणच पसरतें.

आतां कुंपण या वस्तूस शास्त्रकारांनीं कोठें बसविलें आहे तें पाहूं. मनूच्या आठव्या अध्यायांत सीमाविवाद दोनशें पंचेचाळिसाव्या श्लोकापासून सुरू होतो. कुंपणाचा विधि तेथें नाहीं. तो त्याच्या आधींच, गुरांचा धनी व गुराखी यांच्या वादांत, येऊन गेलेला आहे. गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें जागा चराऊ म्हणून सोडावी. तेथें बिनकुंपणाचें पीक गुरांनीं खाल्लें तर गुराख्यास दंड नाहीं. म्हणून उंट पलीकडे पाहूं शकणार नाहीं इतकें उंच कुंपण घालावें आणि कुत्र्याडुकराचें तोंड शिरेल असें प्रत्येक भोंक बुजवावें. हा सर्व विचार गुरांचा आहे, मालकीचा नव्हे. कुंपण असेल तर नुकसानीचा भार गुराख्यावर, नसेल तर शेतकऱ्यावर. कुंपणाचा उपयोग जबाबदारी ठरविण्याकडे. तें कोणाचें शेत कोठें संपतें याची साक्ष देण्यासाठीं उभें केलेलें नाहीं. मनु सीमेचीं म्हणून जीं चिन्हें सांगतो तीं पाहा: वड, पिंपळ, पळस, सांवर, साल, ताड अशीं झाडें, तळीं, विहिरी, झरे, देवालयें, आणि जमिनींत पुरलेलीं गुप्त चिन्हें म्हणजे दगड, हाडें, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू. याज्ञवल्क्याच्या यादींत वारूळ, सखल जागा, बंधारा व चैत्य येतात. जें लवकर कुजत नाहीं किंवा कुजलें तरी मातींत खूण ठेवतें तेवढेंच यांत घेतलें आहे. कुंपणाला या यादींत जागा नाहीं, कारण पावसाळ्यानंतर त्याचें काय उरेल याची खात्री नाहीं.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, व तो टाळणें बरें नव्हे. नारदाच्या स्मृतींत कुंपणाचा श्लोक क्षेत्रविवादाच्याच पदांत आला आहे. वाटेवरच्या शेताला उंटास दिसणार नाहीं, घोड्यास उडी मारतां येणार नाहीं व डुकरास फोडतां येणार नाहीं असें कुंपण असावें, असें तो म्हणतो. मग नारदानें कुंपण व सीमा एकत्र केलीं असें म्हणावयाचें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नारदानें शेताविषयींचे सारेच वाद, गुरांनीं पीक खाण्याचेसुद्धां, एका पदांत गोळा केले आहेत. आणि त्याच्या श्लोकांतील कारणें पाहिलीं तर तेथेंही उंट, घोडा आणि डुक्कर आहेत, शेजारी नाहीं. प्रकरणांची मांडणी बदलली, वस्तूचें प्रयोजन बदललें नाहीं. जातां जातां सांगण्यासारखें म्हणजे या श्लोकांतील वृति हा शब्द प्राकृतांत वइ असा होऊन कोंकणांत वई या रूपानें अद्यापि नांदत आहे, आणि वईलाही गुरें अडविण्याचेंच काम असतें. दगडी गडगा मात्र वईहून निराळा. त्याचा उल्लेख कागदांत आला तर तो शंभर वर्षें टिकणारा पदार्थ आहे हें लक्षांत ठेवून वाचावा लागतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा भोगवट्याचा आहे, आणि सूचींतील चुकीचा खरा परिणाम येथें होतो. याज्ञवल्क्याचा नियम सर्वांस ठाऊक आहे: मालकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानें भूमि भोगली व मालक बोलला नाहीं, तर वीस वर्षांनीं भूमीची हानि, आणि दहा वर्षांनीं जंगम धनाची. विज्ञानेश्वर या हानीचा अर्थ जमिनीच्या उत्पन्नाची हानि एवढाच करतो. स्वत्व नुसत्या मौनानें जात नाहीं, असें त्याचें मत. पण तें मत बाजूस ठेविलें तरी लागलाच पुढला श्लोक या नियमाचे अपवाद सांगतो, आणि गहाण, ठेव, अज्ञानाचें धन यांच्याबरोबर त्यांत सीमा स्पष्टपणें घातली आहे. मनूनेंही आठव्या अध्यायांत हेंच सांगितलें आहे: सीमा भोगानें नष्ट होत नाहीं. विज्ञानेश्वर याचें कारण देतो तें असें कीं, सीमा पूर्वापार पुरलेल्या कोंडा, कोळसे इत्यादि चिन्हांनीं केव्हांही सिद्ध करतां येते, म्हणून तिच्याविषयीं मालकानें उपेक्षा केली तर ती स्वाभाविक आहे. म्हणजे शेजाऱ्यानें कुंपण पुढें आणलें आणि आपण वीस नव्हे पन्नास वर्षें गप्प बसलों, तरी जमिनीखालचा कोळसा आपल्या बाजूनें बोलण्यास तयार आहे.

इंग्रजी अंमलांत ही स्थिति पार उलटली. सन १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें स्थावराच्या दाव्यास बारा वर्षांची मुदत घातली. १८७१, १८७७ व १९०८ च्या कायद्यांनीं तीच वाट धरली, आणि १९६३ च्या कायद्यांतही बारा वर्षेंच आहेत. त्यांतून १८७१ पासून मुदत टळली म्हणजे दावाच नव्हे, हक्कही संपतो असें ठरलें. सीमेला वेगळी सवलत राहिली नाहीं. मग कुंपण ही गुरांची आडकाठी न राहतां मुका पण भारी साक्षीदार झालें. ज्या दिवशीं शेजाऱ्यानें पहिली मेढ रोवली त्याच दिवशीं हरकत घेतली पाहिजे, नाहींतर बारा वर्षांनीं बोलण्यास जागा नाहीं, ही जी धास्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील अर्जांतून दिसते ती या कायद्यानें उत्पन्न केलेली आहे. आपल्यांपैकीं ज्यांचा कोर्टकचेरीशीं संबंध आला त्यांच्या अंगीं ती इतकी मुरली आहे कीं, दोनशें वर्षांपूर्वींच्या महजरांत "कुंपण पूर्वीपासून आहे" असें वाक्य आलें कीं त्यावरून मालकी सिद्ध झाली असें ते टीप देतात. तें वाक्य त्या काळीं मालकीचें प्रमाण म्हणून लिहिलेलें असेलच असें नाहीं. पुष्कळदां त्याचा अर्थ एवढाच कीं, गुरें आंत शिरलीं तर दोष कोणाचा हें ठरलेलें होतें. जुन्या कागदांत पिढ्यान्‌पिढ्यांचा भोगवटा सांगितलेला असतो हें खरें; पण तो शेताच्या किंवा वतनाच्या हक्काबद्दल असतो. शेत कोणाचें हा एक प्रश्न आणि त्याची कड कोठें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

कड कोठें हें सांगणार कोण, याबद्दल मात्र स्मृति आणि आपलीं निवाडपत्रें यांचा मेळ चांगला बसतो. याज्ञवल्क्य शेजारी, वृद्ध, गोपाळ, शिवेवर नांगर धरणारे आणि रानांत वावरणारे यांना साक्षी करतो. मनु तर शेजारच्या गांवांतले साक्षी न मिळाल्यास व्याध, पारधी, कोळी, गारुडी, कंदमुळें खणणारे आणि वेंचे वेंचणारे यांना विचारावें असें सांगतो. धर्मशास्त्रांत अन्यत्र ज्यांच्या साक्षीला कोणी उभें करीत नाहीं अशांना येथें राजानें बोलवावयाचें. कारण साधें आहे: जमीन ज्याच्या पायाखालून जाते त्याला ती माहीत. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधींच्या सन १८१९ च्या आपल्या अहवालांत महाराचें वर्णन करतांना, गांवाच्या आणि प्रत्येक शेताच्या हद्दीवर नजर ठेवणें व वाद पडल्यास साक्ष देणें हें त्याचें काम म्हणून नोंदलें आहे. गोतसभेंत देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या निशाण्या वर असतात. पण शिवेच्या वादांत जो खरोखर बोलला तो पुष्कळदां खालच्या ओळींत, बापाच्या नांवासह नोंदलेला महार असतो. अशा माणसांचीं नांवें दुसऱ्या कोणत्या कागदांत सांपडणार? हेंच कागद सूचींतून गळाले तर त्या घराण्यांचा लेखी पुरावा गळाला. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड छापतांना महजर व निवाडपत्रें यांना राजकीय पत्रांच्या पंक्तीला बसविलें, आणि डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं १९५३ मध्यें असल्याच कागदांवरून मराठ्यांच्या न्यायपद्धतीचा इतिहास उभा केला. तो त्यांनीं नसता केला तर हें साहित्य अजूनही वाळवीच्याच स्वाधीन असतें.

साक्षीची रीतही विसरण्यासारखी नाहीं. तांबडीं वस्त्रें व तांबड्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन, शपथेनें शीव दाखवीत चालावयाचें. आणि कात्यायनाप्रमाणें त्यानंतर तीन पंधरवडे वाट पाहावयाची. तेवढ्यांत चालणारावर दैवाचा किंवा राजाचा कोप झाला नाहीं तर शीव खरी. मनु निर्णयासाठीं ज्येष्ठ महिना सांगतो, कारण तेव्हां खुणा उघड्या दिसतात. आमच्याकडे पेरणी आणि तिच्यापाठोपाठ कुंपणाची लगबगही साधारण याच सुमारास येते, म्हणून वाद निघण्याचा व तुटण्याचा हंगाम एकच. कागदावरील तिथि वाचतांना हें पडताळून पाहण्याजोगें आहे.

पांढरींतल्या वादांकडे वळलें कीं मात्र मिताक्षरेची पकड सैल होते. घर, परडें, विहीर, बाग यांच्या वादाला शेताचाच न्याय लावावा एवढें सांगून ती पुढें जाते. पण दोन घरांमधील जागेला काळींतल्या बांधाची उपमा पुरत नाहीं. तेथें पन्हळीचें पाणी आहे, वळचण आहे, खिडकी आहे, मोरी आहे. कौटिल्याची नजर येथें किती बारीक आहे! जुनी हद्द नसेल तर परक्या भिंतीपासून दोन अरत्नी किंवा तीन पद हटून बांधावें. दोन घरांत एक किष्कु किंवा तीन पद अंतर असावें. उजेडासाठीं खिडकी लहान व उंचावर ठेवावी. पाण्यानें दुसऱ्याची भिंत खराब करणारास बारा पण दंड, मलमूत्रानें केल्यास दुप्पट. आणि शेवटीं घरमालकांनीं आपसांत मिळून हवें तसें करावें, नको तें वारावें, अशी मोकळीक. कात्यायनानेंही जोतें, पाण्याची वाट, पुढें काढलेला भाग व गवाक्ष यांस अडथळा करूं नये, आणि वसाहत झाल्यावर हीं नव्यानें जोडूंही नयेत, असें बजावलें आहे. अर्थशास्त्र १९०९ मध्यें म्हैसुरास शामशास्त्र्यांनीं छापीपर्यंत आपल्या पहिल्या पिढीच्या संशोधकांसमोर नव्हतें, त्यांना दोष नाहीं. पण आतां तें आहे, आणि पांढरींतल्या कागदांना मिताक्षरेपेक्षां तें अधिक उजेड देतें.

विज्ञानेश्वरावर आमचा दुसरा आक्षेप असा कीं, मर्यादेची इतकी सुरेख व्याख्या करून तो तिचीं फळें काढीत नाहीं. सामायिक जमिनीवर एकानें दुसऱ्याच्या संमतीनें कुंपण घातलें तर खर्च कोणाचा? एकाच्या गुरांसाठीं कुंपण लागतें, दुसऱ्याला नको असतें, तर नको म्हणणारानें पैसे द्यावे काय? याची वाटच त्याच्या टीकेंत दिसत नाहीं. तसेंच सीमा भोगानें जात नाहीं असें म्हटलें, पण सीमा कोठवर व शेत कोठून, म्हणजे किती हातांच्या पुढें अतिक्रमण हें सीमेचें न राहतां शेताचें होतें, हें त्यानें सांगावयास हवें होतें. अपवाद जितका उदार तितकी त्याची कड रेखणें अवश्य. नारदाचे सीमेचे पांच प्रकार तो उतरतो: झाडांची, पाण्याची, पुरलेल्या चिन्हांची, उभयतांच्या कबुलीची आणि राजाज्ञेची. यांतला चौथा प्रकारच शेजाऱ्यांच्या कुंपणाला खरा उपयोगी. पण त्यावर चार शब्द अधिक लिहिण्याची त्याला गरज वाटली नाहीं. आपल्या निवाडपत्रांतील राजीनामे आणि वर्तणुकीचे जामीन हे जणूं ती उणीव भरून काढण्यासाठींच लिहिलेले आहेत. शास्त्रानें जेथें मौन धरलें तेथें गोतानें काय केलें, याचें उत्तर त्यांतच शोधावें लागेल.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, असा कागद हातीं आला तर मथळा देण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. वाद काळींतला कीं पांढरींतला. मागणी जमीन परत देण्याची आहे कीं नुसतें कुंपण काढण्याची. आणि शेवट कोणीतरी शीव चालून झाला कीं शेजाऱ्यांच्या सांगण्यावर झाला. काट्याचें, निवडुंगाचें, कुडाचें कीं दगडाचें, हें कागदांत असेल तर तें जसेंच्या तसें उतरावें, "कुंपण" असा गोळा शब्द घालूं नये. बांधावरच्या झाडाचा उल्लेख तर मुळींच सोडूं नये. दोन शेतांच्या सीमेवर उगवलेल्या झाडाचीं फळें व फुलें दोघां मालकांचीं, असें कात्यायनाचें वचन आहे. आंब्याचा अर्धा वांटा मागणारा कागद वरवर फळांचा दिसला तरी त्यांत बांध सामायिक असल्याची कबुली बसलेली असते, आणि ती कोणत्याही कुंपणाहून जुनी असूं शकते.